मुखदूषिका : निदान, चिकित्सा आणि स्टिरॉइड मलमांचे नवे आव्हान

प्रस्तावना

तारुण्यात पदार्पण करणाऱ्या मुलामुलींच्या चेहऱ्यावर उठणाऱ्या पिटिका हा वैद्याच्या दैनंदिन व्यवहारातील इतका परिचित विषय आहे की, त्यावर स्वतंत्र लेख लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचक वैद्यमित्रांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. हा व्याधी प्राणघातक नाही आणि आपल्या ग्रंथकारांनीही त्याचा समावेश क्षुद्ररोगांत केला आहे. परंतु 'क्षुद्र' या संज्ञेचा अर्थ 'दुर्लक्षणीय' असा नव्हे. चेहऱ्यावर कायमचे व्रण राहिलेला तरुण लोकांत मिसळणे टाळतो, महाविद्यालयात मागच्या बाकावर बसतो, विवाहाच्या बोलणीच्या वेळी आरशासमोर अश्रू ढाळतो. हे दुःख रुग्ण बहुधा बोलून दाखवीत नाही.

याखेरीज गेल्या काही वर्षांत या साध्या व्याधीचे स्वरूपच पालटले आहे. आपल्याकडे येणाऱ्या मुखदूषिकेच्या रुग्णांपैकी अनेकांनी तत्पूर्वी महिनोन् महिने कोणते ना कोणते मलम लावलेले असते आणि त्या मलमात बहुधा स्टिरॉइड असते. अशा रुग्णात मूळ व्याधी कोणता आणि मलमाने निर्माण केलेला व्याधी कोणता, याचा विवेक न करता ग्रंथोक्त लेप दिल्यास त्रास वाढतो आणि दोष मात्र आयुर्वेदाच्या माथी येतो. म्हणून मूळ व्याधीचे शास्त्रीय आकलन करून देऊन या नव्या आव्हानाकडे चिकित्सक व औषधविक्रेते या दोघांचेही लक्ष वेधणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ग्रंथोक्त स्वरूप

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या तेराव्या अध्यायात मुखदूषिकेचे वर्णन केले आहे. शाल्मलीच्या म्हणजे काटेसावरीच्या काट्यासारख्या, तरुणांच्या मुखावर उत्पन्न होणाऱ्या या पिटिकांचे कारण त्यांनी कफ, वात व रक्त असे सांगितले आहे. ज्यांनी काटेसावरीचे खोड जवळून पाहिले आहे, त्यांना या उपमेची समर्पकता पटेल. तो काटा बुडाशी रुंद, वर निमुळता, घट्ट आणि सालीतूनच उगवलेला असतो. वाग्भटाचार्यांनी उत्तरस्थानात या वर्णनात मोलाची भर घातली आहे. या पिटिका वेदनायुक्त, घन आणि 'मेदोगर्भ' असतात, म्हणजे त्यांच्या आत मेदासारखा स्निग्ध पदार्थ भरलेला असतो, असे ते म्हणतात. पिटिका दाबली असता बाहेर येणारी पांढरी, तुपकट कणी पाहिली म्हणजे या शब्दाचा प्रत्यय येतो.

धातुमलांचा विचार येथे विशेष उद्बोधक ठरतो. त्वचेचा स्नेह हा मज्जाधातूचा मल होय, असे चरक व वाग्भट सांगतात, तर शार्ङ्गधराने मुखाची स्निग्धता व तारुण्यातील पिटिका यांचा संबंध शुक्रधातूच्या मलाशी जोडला आहे. शुक्र बाल्यातही असतेच, परंतु ते व्यक्त होते तारुण्यात. हा व्याधी याच वयात का होतो, याचे उत्तर या विचारात दडलेले आहे.

आधुनिक विकृतिविज्ञान

आधुनिक शास्त्रानुसार या व्याधीत चार घटना घडतात. वयात येताना अँड्रोजन संप्रेरकांच्या प्रभावाने त्वचेतील तैलग्रंथींचा स्राव वाढतो. लोमकूपाच्या मुखाशी असणाऱ्या पेशी नेहमीप्रमाणे गळून न पडता एकमेकींना चिकटून बूच तयार करतात. या कोंडलेल्या स्नेहात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जिवाणू वाढतो. २०१६ पूर्वी तो प्रोपिओनिबॅक्टेरियम या नावाने ओळखला जात असे. चौथी घटना म्हणजे शोथ. हा शोथ शेवटीच येतो असे नाही, तर अगदी आरंभापासून सूक्ष्म रूपात असतो, असे आता मानले जाते.

स्नेहाचे आधिक्य व त्याचे घन होणे येथे कफ-मेदाचे कार्य दिसते, मार्गाचा अवरोध व शुष्कता येथे वाताचे, तर लालिमा, दाह व पाक येथे पित्त-रक्ताचे. दोन्ही शास्त्रांच्या परिभाषा ओढूनताणून जुळवू नयेत हे खरे, परंतु या व्याधीत प्राचीनांचे निरीक्षण आणि सूक्ष्मदर्शकातील चित्र एकाच दिशेने बोट दाखविते, हे नमूद केले पाहिजे.

येथे व्यवहारात अत्यंत उपयोगी असा एक मुद्दा लक्षात ठेवावा. डोळ्यांना पिटिका दिसण्यापूर्वी कित्येक आठवडे तिची तयारी लोमकूपात सुरू झालेली असते. म्हणूनच योग्य चिकित्सेचा, मग ती कोणत्याही पद्धतीची असो, खरा परिणाम दिसण्यास सहा ते आठ आठवडे लागतात आणि पुष्कळदा तीन महिने. जे मलम तीन-चार दिवसांत चेहरा नितळ व उजळ करून दाखविते, ते व्याधी बरा करीत नसून केवळ शोथ दाबीत आहे, अशी शंका चिकित्सकाने घेतलीच पाहिजे.

हेतुविचार

वय व कुलज प्रवृत्ती हे हेतू टाळता येत नाहीत, इतरांची मात्र चौकशी करावी. अतिगोड, मैद्याचे व साखरेचे पदार्थ यांचा व्याधिवृद्धीशी असलेला संबंध आधुनिक अभ्यासांनीही दाखविला आहे. दुधाच्या अतिसेवनाविषयीही तसे निरीक्षण आहे, तथापि ते सर्व रुग्णांना लागू पडत नाही. दूध व फळे यांच्या विरुद्ध संयोगाबद्दल मात्र अवश्य विचारावे. आपल्याकडील शिकरण व फ्रूट सॅलड हे चरकाचार्यांच्या विरुद्धाहाराच्या यादीत बसणारे पदार्थ घरोघरी कौतुकाने खाल्ले जातात. व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांना व्हे प्रोटीनच्या भुकटीविषयी आणि शरीर कमावण्यासाठी घेतलेल्या इंजेक्शनांविषयी स्पष्टपणे, परंतु एकांतात विचारावे, कारण वडील सोबत असताना खरे उत्तर मिळत नाही.

पिटिका केवळ कपाळावर असतील तर केसांना चोपडलेले तेल कपाळावर ओघळते काय, हे पाहावे. हनुवटी व गालांच्या खालच्या भागात असतील तर मुखपट्टीच्या घर्षणाचा विचार करावा. २०२० नंतर हा हेतू आपल्या परिचयाचा झाला आहे. क्षयाच्या चिकित्सेतील आयसोनियाझिड, अपस्मारावरील फेनिटॉइन, लिथियम तसेच पोटात घेतलेली स्टिरॉइड्स यांमुळेही पिटिका उठतात. अशी औषधे वैद्याने स्वतःच्या अधिकारात कधीही बंद करू नयेत. देणाऱ्या चिकित्सकाशी संपर्क साधावा.

स्त्रीरुग्णात आर्तवाची चौकशी केल्याखेरीज चिकित्सापत्र लिहू नये. अनियमित रजःप्रवृत्ती, ओठांवर व हनुवटीवर राठ केस, वजनातील वाढ व पंचविशीनंतरही टिकून राहिलेल्या पिटिका ही लक्षणे एकत्र आढळल्यास पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोमच्या दृष्टीने तपासणी करून घ्यावी. तेथे केवळ मुखलेपाने यश मिळणार नाही.

चिकित्सासूत्र

सुश्रुतांनी या व्याधीत वमनाला विशेष स्थान दिले आहे. वाग्भटांनी लेपांनी उपशम न झाल्यास वमन, नस्य व ललाटप्रदेशी सिरावेध सांगितला आहे. या क्रमातच चिकित्सासूत्र सामावले आहे. अल्प व्याधीत बाह्य उपचार, बहुदोषात शोधन. व्यवहाराच्या सोयीसाठी रुग्णांची पुढील तीन गटांत विभागणी करता येते.

१) कफ-वातप्रधान अवस्था : तेलकट त्वचा, पांढऱ्या व काळ्या तोंडाच्या बारीक कण्या, लालिमा अल्प. येथे लोध्र, धने व वचा यांच्या समभाग, वस्त्रगाळ चूर्णाचा शार्ङ्गधरोक्त लेप उपयुक्त ठरतो. पोटात त्रिफळा गुग्गुळ व पाचन द्रव्ये द्यावीत. प्रकृती, बल व ऋतू अनुकूल असल्यास वसंतात विधिपूर्वक वमन द्यावे.

२) पित्त-रक्तप्रधान अवस्था : लाल, वेदनायुक्त, पूययुक्त पिटिका, दाह. येथे महामंजिष्ठादी काढा १५ ते २० मि.ली. समभाग पाण्यातून दोन वेळा, सारिवा, निंब, खदिर आणि गंधक रसायन यांची योजना करावी. मृदू विरेचन लाभते. वचेसारख्या उष्ण-तीक्ष्ण द्रव्यांचा लेप या अवस्थेत टाळून चंदन, मंजिष्ठा, यष्टिमधु यांचा वापर करावा.

३) ग्रंथिप्रधान अवस्था : खोल, घट्ट, मोठ्या गाठी, व्रणचिन्हे राहण्याची प्रवृत्ती. कांचनार गुग्गुळ, आरोग्यवर्धिनी व जलौकावचारण यांचा विचार करावा. तथापि व्रणचिन्हे झपाट्याने पडत असल्यास केवळ आपल्याच औषधांवर विसंबून कालापव्यय करू नये. त्वचारोगतज्ज्ञांचे मत घ्यावे. एकदा पडलेला खड्डा पुढे कोणत्याही काढ्याने भरून येत नाही.

आरोग्यवर्धिनीत पारद, गंधक व ताम्रभस्म असल्यामुळे ती मर्यादित काळच द्यावी. रुग्णाने तीच चिठ्ठी वर्षभर दाखवून औषध नेत राहणे धोक्याचे आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या अनुसूची ई(१) मधील द्रव्ये असलेल्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापलेली असते. ती विक्रेत्यानेही वाचावी. गर्भिणीस असे रसकल्प व तीक्ष्ण शोधन देऊ नये. रुग्ण आयसोट्रेटिनॉइन घेत आहे काय, हे प्रत्येकास विचारावे. हे औषध गर्भाला तीव्र हानी पोहोचविते, तसेच यकृतावरही परिणाम करू शकते. ते चालू असताना शोधनाचा व रसकल्पांचा आग्रह धरू नये.

लेपाचा विधी

लेप चुकतो तो द्रव्यांपेक्षा विधीत. वाग्भटाने मुखलेपाची जाडी दोषघ्न लेपासाठी पाव अंगुल, विषघ्नासाठी एकतृतीयांश आणि वर्ण्यासाठी अर्धा अंगुल सांगितली आहे. लेप पूर्ण सुकेपर्यंत ठेवू नये. सुकलेला लेप त्वचेची कांती हरण करतो. म्हणून १५ ते २० मिनिटांनी, ओलसर असतानाच, पाण्याने भिजवून अलगद काढावा. लेप असताना बोलणे, हसणे, झोपणे, ऊन व अग्नी वर्ज्य आहेत. पीनस, अजीर्ण, जागरण व नस्यानंतर मुखलेप निषिद्ध आहे. शिळा लेप पुन्हा वापरू नये. प्रथम कानामागे थोडा लावून एक दिवस वाट पाहावी. चूर्ण खरखरीत असल्यास ते सूजलेल्या त्वचेवर घासले जाऊन अपाय करते, म्हणून वस्त्रगाळ हा शब्द अक्षरशः पाळावा. लिंबाचा रस, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट या घरगुती उपायांपासून रुग्णास परावृत्त करावे.

स्टिरॉइडदूषित त्वचा

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. बाजारात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन व स्टिरॉइड यांच्या एकत्रित संयोगाची मलमे मिळतात. काळ्या वांगासारख्या विकारात, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, अल्पकाळ वापरण्यासाठी ती आहेत. प्रत्यक्षात मात्र ती 'गोरे होण्याचे क्रीम' म्हणून मैत्रिणीकडून मैत्रिणीकडे आणि दुकानाच्या काउंटरवरून थेट चेहऱ्यावर जातात. बेटामेथासोन, क्लोबेटासोल यांसारखी अतितीव्र स्टिरॉइड्स असलेली, खरूज व नायटे यांसाठी खपविली जाणारी मलमेही तरुण मुले पिटिकांवर चोळतात.

पुढील लक्षणे दिसल्यास शंका घ्यावी. सर्व पिटिका एकाच आकाराच्या व एकाच अवस्थेतील असणे. कण्या अल्प किंवा नसणे. उन्हात वा चुलीजवळ चेहरा लालबुंद होऊन आग होणे. त्वचा पातळ होऊन बारीक रक्तवाहिन्या दिसणे. गालांवर केस वाढणे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे 'मलम लावले की बरे वाटते, दोन दिवस सोडले की पूर्वीपेक्षा वाढते' हे रुग्णाचे वाक्य. रुग्ण मलमाचे नाव बहुधा सांगत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ते औषध नसून प्रसाधन असते. म्हणून 'कोणते औषध लावता' असे न विचारता 'चेहऱ्याला काय काय लावता, त्या सर्व ट्यूब उद्या घेऊन या' असे सांगावे.

माझ्या चिकित्सालयात आलेली एकोणीस वर्षांची एक विद्यार्थिनी या दृष्टीने बोलकी आहे. तिला 'पित्ताच्या पिटिका' आहेत, असे आईने सांगितले. ट्यूब मागविल्यावर कळले की आठ महिने रोज रात्री ती वर उल्लेखिलेल्या संयोगाचे मलम लावत होती आणि ते तिला कोणत्याही चिठ्ठीविना मिळत होते. पहिल्याच भेटीत तिला व आईला समोर बसवून सांगितले की, मलम बंद केल्यावर काही आठवडे चेहरा आजच्यापेक्षा वाईट दिसेल. तो आमच्या औषधाचा दोष नसेल व तो काळ सोसावा लागेल. त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने मलम थांबविण्याचा क्रम ठरला. दुसऱ्या आठवड्यात ती खरोखरच रडत आली, परंतु सोडून गेली नाही. केवळ शीत, मृदू उपचार, सारिवा-मंजिष्ठा आणि पथ्य यांवर सुमारे चार महिन्यांनी दाह शमला. त्यानंतर उरलेल्या पाच-सहा मूळ पिटिकांची चिकित्सा ही किरकोळ गोष्ट होती.

या उदाहरणातून निघणारा चिकित्साक्रम असा. पूर्वसूचना हे पहिले औषध होय. ज्याला उलट उठाव होणार हे आधी सांगितलेले नाही, तो रुग्ण दहाव्या दिवशी पुन्हा त्याच मलमाकडे वळतो. दीर्घकाळ तीव्र मलम वापरलेल्या रुग्णात ते एकदम थांबवावे की क्रमाने, हे त्वचारोगतज्ज्ञांसह ठरवावे. या काळात लोध्र-वचादी लेप, उद्वर्तन, वाफ व घासणारी चूर्णे पूर्णतः वर्ज्य समजावीत. यष्टिमधु, चंदन यांसारख्या शीत द्रव्यांचा अल्प परिषेक, सौम्य पाण्याने मुखप्रक्षालन आणि उन्हापासून संरक्षण एवढेच बाह्य उपचार पुरेत. त्वचा स्थिर होईपर्यंत शोधनाची घाई करू नये.

विक्रेत्यांची व आपली जबाबदारी

२०१८ मध्ये केंद्र शासनाने अधिसूचना काढून बाह्य वापराच्या १४ स्टिरॉइड्सना अनुसूची 'एच'च्या कक्षेत आणले. चिठ्ठीशिवाय विक्री करू नये, हा त्याचा अर्थ. कायदा झाला तरी काउंटरवरची सवय त्याच दिवशी बदलत नाही. औषधविक्रेत्या बंधूंना विनंती अशी की, चेहऱ्यासाठी मलम मागणाऱ्यास ट्यूब देण्यापूर्वी तिच्यावरील घटक वाचावेत. ज्या नावाच्या शेवटी 'सोन', 'सोल' किंवा 'नाइड' येते, तेथे क्षणभर थांबावे आणि चिठ्ठी मागावी. एक ट्यूब विकली गेली नाही तर होणारे नुकसान थोडे आहे. त्या ट्यूबने बिघडलेला चेहरा त्याच गावात, त्याच दुकानासमोरून रोज जाणार आहे.

दुसरी बाब आपल्या क्षेत्राशी निगडित आहे. 'शंभर टक्के आयुर्वेदिक' अशा नावाखाली, उत्पादन परवाना क्रमांक व घटकद्रव्यांची यादी नसलेली उजळपणाची क्रीमे बाजारात फिरतात. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात २०२२-२३ मध्ये पारा असलेली अशी क्रीमे वापरणाऱ्या रुग्णांत वृक्कविकार आढळले, ही घटना सर्वांनी ध्यानात ठेवावी. लेबलवर परवाना क्रमांक, घाणा क्रमांक, निर्मिती व मुदतसमाप्तीची तारीख नसलेली वस्तू आयुर्वेदिक औषधालयाच्या फळीवर असूच नये. लोध्र व मंजिष्ठा यांसारख्या द्रव्यांतही भेसळ होते, म्हणून ती विश्वासाच्या ठिकाणाहूनच घ्यावीत. आयुर्वेदिक औषधाने अपाय झाल्याचा संशय आल्यास तो लपवू नये. नवी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थान हे ज्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र आहे, त्या औषधदक्षता यंत्रणेकडे त्याची नोंद करावी.

आणि आपल्यापैकी जे वैद्य चिठ्ठीवर आधुनिक मलमे लिहितात, त्यांनीही रुग्णाला लवकर गुण दिसावा म्हणून स्टिरॉइडचा आश्रय मुखदूषिकेत घेऊ नये, हे स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य समजतो.

त्वरित पाठविण्याजोगे रुग्ण

ताप, सांधेदुखी व चेहऱ्यावर अकस्मात फुटणाऱ्या व्रणयुक्त गाठी. झपाट्याने पडणारी व्रणचिन्हे. आवाजात बदल वा झपाट्याने वाढणारे केस असलेली स्त्री. आणि निराशेने जगण्याविषयी अनास्था व्यक्त करणारा रुग्ण यांना विलंब न लावता योग्य तज्ज्ञाकडे पाठवावे. शेवटच्या गटातील रुग्णास 'पिटिकाच तर आहेत' असे म्हणून कधीही हसू नये.

पथ्यापथ्य व उपसंहार

साधे, ताजे, कमी गोड व कमी तेलकट अन्न, वेळेवर निद्रा, मलप्रवृत्तीची नियमितता, दिवसातून दोनदाच सौम्य मुखप्रक्षालन आणि पिटिका न फोडणे, एवढे पथ्य पाळले तरी चिकित्सेचा अर्धा मार्ग सुकर होतो. नखाने फोडलेली प्रत्येक पिटिका एक डाग मागे ठेवते, हे तरुणांना प्रत्येक भेटीत सांगावे.

मुखदूषिका हा काळाने शमणारा व्याधी आहे, तो काळ चेहऱ्याची हानी न होऊ देता पार पाडून देणे हे चिकित्सकाचे काम होय. प्राचीन आचार्यांनी यासाठी दिलेली साधने आजही समर्थ आहेत. मात्र ती वापरण्यापूर्वी समोरच्या त्वचेवर मूळ दोष कोणता आणि आगंतुक मलमाने केलेला उपद्रव कोणता, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला पाहिजे. पुढील महिन्यात या तक्रारीने येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला त्याच्या सर्व ट्यूब आणावयास सांगाव्यात आणि कोणती मलमे किती जणांकडे निघतात, याची टिपणे ठेवावीत. आपापल्या गावातील औषधविक्रेत्यांबरोबर ती टिपणे पुढे ठेवून बसता आले, तर अनेक कोवळे चेहरे वेळीच वाचतील.